स्वस्तातली बंदूक

कार्तिकी यात्रेचे दिवस. आमच्या ओसरीवर परभणीकडची एक दिंडी उतरली होती, चुलीवर पिठलं रटरटत होतं, आणि अशात अमेरिकेहून फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू ओहायो राज्यात नोकरीला आहे, त्याचा. ख्यालीखुशाली झाली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आबा, एक विचारायचंय. आजीला सांगू नका. मला हरणाच्या शिकारीला जायचंय. स्वस्तात कुठली बंदूक घ्यावी?"

ओसरीवर सगळी माळकरी माणसं. माझ्याही गळ्यात माळ. मी फोन घेऊन गोठ्यात गेलो.

त्यानं मला विचारायचं कारण एवढंच की आख्ख्या भावकीत बंदुकीला हात लावलेला मी एकटाच उरलोय. त्यानं तिकडची हकीकत सांगितली. नोव्हेंबरअखेरीस त्यांचा एक मोठा सण असतो, त्याच्या पुढच्या सोमवारपासून ओहायोत बंदुकीनं हरीण मारायचा आठवडा सुरू होतो. हरणं उदंड झालीत, मक्यात शिरतात, रस्त्यात गाडीला आडवी येतात. म्हणून सरकारच परवाना देतं आणि कुणी किती मारायची तेही ठरवून देतं. मुलूख सपाट, वस्ती जवळ, रायफलीची गोळी लांब जाते. त्यामुळं तिथं बरीच वर्षं हरणाला रायफल चालतच नव्हती. बारा बोरची बंदूक घ्यायची आणि छऱ्यांऐवजी तिच्यात शिशाची एकच जाड गोळी घालायची. तिला ते स्लग म्हणतात.

"म्हणजे गुन्हा नाही," तो म्हणाला. "पाप आहे का, ते तुम्ही सांगा." आणि हसला.

मला काही हसू आलं नाही. मला आजोळचा ओढा आठवला.

माझं आजोळ बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला. तिथल्या माळाला आज मयूरेश्वर अभयारण्य म्हणतात. 1997 साली झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, खास चिंकाऱ्यांसाठी. आम्ही पोरं चिंकारा म्हणत नव्हतो, नुसतं हरीण. शेळीएवढं जनावर, पाण्यावाचून दिवस काढणारं, पण हरभऱ्याचे कोवळे शेंडे दिसले की रात्रीतून वाफा साफ करणारं. साल 1970. तेव्हा हरीण मारायला आजच्यासारखी सरसकट बंदी नव्हती. मामाचं दोन एकर कोरडवाहू, त्यातला निम्मा हरभरा हरणं खायची. मामानं पीक राखायच्या बंदुकीचा परवाना काढला आणि बंदूक निवडायला आमच्या दादांना घेऊन पुण्याला निघाला. मी बारा वर्षांचा. हट्ट करून मागं लागलो.

लष्करातलं दुकान. दुकानदार म्हातारा, बोलायला शांत. त्यानं तीन बंदुका काढून ठेवल्या. पहिली ठासणीची. तोंडाकडनं दारू घाला, चिंध्या घाला, छर्रे घाला, गजानं ठासा, मागं टोपी बसवा आणि चाप ओढा. दुसरी देशी एकनळी, बारा बोर, काडतुसाची. तिसरी विलायती दुनळी, कुणा साहेबानं जाताना विकलेली. तिची किंमत ऐकून मामानं तिच्याकडं परत पाहिलं नाही.

बारा बोर म्हणजे काय, ते मला त्या म्हाताऱ्यानं सांगितलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. मग मामाला म्हणाला, "हरणासाठी पाहिजे तर एकनळी घ्या. नळीचं तोंड आवळलेलं नको, सरळ पाहिजे. काडतूस बॉलचं घ्या. एकच गोळी असते, बसली की जनावर जागेवर पडतं. बारीक छर्रे पाखराला ठीक, हरणाला नुसते टोचतात. आणि पन्नास पावलांच्या पलीकडं मारू नका."

"आन् ठासणीची?"

"आवाजाला चांगली आहे."

एकनळीच्या किमतीत एक खोंड आलं असतं. वर काडतुसांचा खर्च. तीही लांबून आणायची नव्हती, इथं खडकीच्याच कारखान्यात व्हायची, पण पैसे ते पैसेच. ठासणीची निम्म्यात पडत होती. शिवाय 1959 च्या हत्यार कायद्यात पीक राखायला म्हणून ठासणीच्या बंदुकीचंच नाव आहे, त्यामुळं कागदही सोपा. मामानं ठासणीची घेतली. दादाही म्हणाले, "आपल्याला काय मारायचंय? भ्याली तरी बास."

पहिलं वर्ष नुसत्या आवाजावर निघालं. दुसऱ्या वर्षी हरणं आवाजाला सरावली. बार झाला की चार उड्या मारून थांबायची, कान हलवायची आणि परत वाफ्यात. मामा रात्र रात्र माळ्यावर जागायचा. घरात खाणारी तोंडं सात. एका रात्री त्यानं सायकलच्या चाकातले छर्रे ठासले आणि चांदण्यात, साठ-सत्तर पावलांवरून, कळपाच्या अंदाजानं बार टाकला. सकाळी वाफ्यात रक्ताचे थेंब दिसले. हरीण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते मला सापडलं. ओढ्याच्या कडेला, बाभळीच्या जाळीत. जिवंत होतं. पोटाला तीन भोकं, त्यात किडे पडलेले. मला बघून उठायला गेलं, पुढचे पाय उठले, मागचे नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. मी पळत जाऊन मामाला आणलं. मामानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं एकाच घावात ते संपवलं. मग तिथंच बसला, बिडी काढली, पेटवली नाही. म्हनला, "एकनळी घ्यायला पायजे हुती."

'मारायला नको होतं' असं म्हणाला नाही. हेच मला कित्येक वर्षं टोचत राहिलं. आळंदीत वाढलेलं पोर मी. नामदेवांनी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावल्याची गोष्ट इथं पाळण्यात ऐकवतात. मला मामा निर्दय वाटला. आज माझं वय त्याच्या त्या वेळच्या वयापेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि मला वाटतं, आमच्यात खरं तेवढं तोच बोलला. हरभरा राखणं त्याला भाग होतं. त्यासाठी एखादं हरीण मारणं भाग होतं की नाही, यावर वाद घालता येईल. पण त्या हरणाचे तीन दिवस कशासाठीही भाग नव्हते. एका खोंडाचे निम्मे पैसे वाचले, आणि ते त्या जनावरानं जाळीत पडून फेडले.

पुढं 1972 चा वन्यजीव कायदा आला. चिंकारा त्याच्या पहिल्याच यादीत आहे, मारला तर तीन ते सात वर्षं कैद. मामाच्या मुलानं बंदूक काही वर्षं सांभाळली. प्रत्येक निवडणुकीला चौकीत जमा करायची, मग सोडवून आणायची, परवाना नव्यानं करायचा. शेवटी कंटाळून कायमची जमा केली. सुप्याकडं आज लोक दुर्बीण घेऊन हरणं बघायला जातात. मीही नातवंडांना दाखवून आणलीत. हे चांगलंच झालं.

पण पीक राखायचा प्रश्न काही जमा झाला नाही. आमच्या खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या अंगाला, एका पाहुण्याचा भुईमूग रानडुकरांनी नांगरल्यासारखा उलटा केला. वनखात्याचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते, पण उकरलेलं रान बघून रात्री झोप लागत नाही. त्याच्या मुलानं मला हळूच विचारलं, "आबा, कुंपनाला करंट सोडला तर?" तार पाच-सहाशेची, वीज आकड्याची. बंदुकीपेक्षा किती स्वस्त! ती तार डुक्कर ओळखत नाही, कुत्रं ओळखत नाही, पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी ओळखत नाही. तशी माणसं मेलेली आहेत. मी त्याला सोप्या शब्दांत शिव्या दिल्या. भरपाईचा अर्ज भरायला मात्र त्याच्याबरोबर गेलो, कारण नुसत्या शिव्यांनी भुईमूग उगवत नाही.

आणि माझं तरी काय? माळ घालून तीस वर्षं झाली, अंडंही खात नाही. पण गव्हाला उंदीर लागले की झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या करून बिळात घालतो आणि बिळाचं तोंड बंद करतो. आत काय चालतं ते बघायला लागत नाही. इंद्रायणीवर पांढरा फेस येतो, मासे उलटे तरंगतात, त्यातच वारकरी हात जोडून बुडी मारतात. तिथं कुणी बंदूक उचललेली नाही. माझी जमीन कारखान्याला गेली तेव्हा त्या बांधावरची कवड्यांची घरटी कुठं गेली, हे मी पैसे मोजताना विचारलं नव्हतं. तेव्हा त्या पोराला 'पाप' म्हणायला माझी जीभ उचलेना. तो निदान मरणाऱ्याच्या समोर उभा राहणार होता.

मी त्याला म्हटलं, "बघ, मी हो म्हणणार नाही. पण बंदूक विचारलीस तर बंदुकीचं सांगतो."

जुनी एकनळी चालेल, लाकडी दस्त्यावर पॉलिश नसली तरी चालेल, तिथं पैसे वाचव. नळी साधी असेल तर तिच्या जातीची गोळी घे, आटे पाडलेली असेल तर दुसऱ्या जातीची. दोन्ही एकमेकींत चालवू नको. वाचलेले पैसे गोळ्यांवर घाल. दहा घेऊन दोन उडवायच्या आणि रानात जायचं, असं नको. पन्नास पावलांवर जेवणाची थाळी धर. पाचच्या पाच तिच्यात बसेस्तोवर रानात पाय टाकायचा नाही. गोळ्या परवडत नसतील तर शिकारही परवडत नाही. आणि लागून पळालं तर रात्र झाली तरी मागं जायचं. घरी यायचं नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आबा, तुम्ही किती मारलीत?"

"एकपण नाही. एक बघितलं."

ओसरीवर टाळ सुरू झाले होते, हरिपाठाची वेळ. मी हात धुवून आत गेलो. कुणी विचारलं नाही, कुणाचा फोन म्हणून.

आठवड्यानं त्यानं मोबाईलवर फोटो पाठवला. कागदावर थाळीएवढं वर्तुळ काढलेलं, त्यात भोकं. मी चष्मा लावून मोजली. तीन आत, एक कडेला, एक पार बाहेर. मी लिहिलं, "या वर्षी नको." त्याचं लगेच उत्तर आलं, "आबा, पण परवान्याचे पैसे भरलेत."

मी परत तेच लिहिलं.