गोठलेली टर्की आणि यजमानाचा दोष

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला अख्खी भाजलेली टर्की लागते, आणि ती बहुधा दुकानातून गोठलेलीच घरी येते. 7 किलोच्या पक्ष्याचा बर्फ फ्रीजमध्ये पुरता उतरायला साधारण 4 दिवस लागतात. हे ज्याला बुधवारी रात्री आठवते, तो टर्की ओट्यावर ठेवतो आणि झोपी जातो. दुसऱ्या दिवशी ती भाजली जाते, देवाचे आभार मानले जातात, पाहुणे पोटभर जेवतात आणि बहुतेक वेळा कोणालाही काही होत नाही. नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न इथे अगदी घरगुती रूपात समोर येतो: कोणाचेच काही बिघडले नसेल, तर यजमानाचे चुकले असे म्हणायचे का?

आधी ओट्यावर रात्रभरात काय घडते ते पाहायला हवे. उष्णता बाहेरून आत शिरते, आणि एवढ्या जाड मांसात ती फार सावकाश शिरते. पहाटे पोटाच्या पोकळीत हात घातला तर बोटांना बर्फाचे खडे लागतात, काळीज-कलेजीची पिशवी तिथेच घट्ट चिकटलेली असते. बाहेरची मांडी मात्र दाबली की मऊ लागते. कातडीखालचे मांस कित्येक तासांपूर्वीच खोलीच्या तापमानाकडे झुकलेले असते. 4 ते 60 अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. त्यात अनुकूल परिस्थिती मिळाली तर त्यांची संख्या 20 मिनिटांतही दुप्पट होऊ शकते. फ्रीझरमध्ये ते मरत नाहीत, नुसते थांबून राहतात. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने कच्चे मांस 2 तासांहून जास्त बाहेर ठेवू नये असे बजावले आहे. खात्याने सांगितलेला सर्वांत निर्धोक मार्ग फ्रीजचा: तापमान 4 अंशांच्या आसपास किंवा खाली, खाली ताट, आणि दर 2 किलोंमागे एक दिवस. घाई असेल तर न गळणाऱ्या पिशवीत बांधून टर्की थंड पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि बर्फ उतरताच शिजवायला घ्यावी. पौंडाला अर्धा तास या हिशेबाने 7 किलोंना जवळजवळ 8 तास लागतात. मायक्रोवेव्हही चालतो, पण त्यात मोठी टर्की मावतच नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: ओव्हनमध्ये सगळे मरतेच ना? तो अर्धा खरा आहे. मांसाच्या सर्वांत जाड भागात 74 अंश तापमान गाठले गेले, तर साल्मोनेलासारखे जिवाणू उरत नाहीत. परंतु स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू मांसात वाढताना जे विष सोडून जातो, ते शिजवल्याने नष्ट होईलच याची हमी नाही. शिवाय कच्च्या मांसाचे पाणी ओट्यावरून सिंकमध्ये आणि तिथून कोशिंबिरीच्या पाटीवर पोचलेले असते. त्याला ओव्हन लागतच नाही. अर्धवट खरी समजूत ही पुरत्या चुकीच्या समजुतीपेक्षा जास्त टिकते, कारण ती दरवर्षी खरी ठरल्यासारखी वाटते.

इंग्लिश गणितज्ञ व तत्त्वचिंतक विल्यम क्लिफर्ड याने 1877 साली नेमक्या अशाच समजुतीवर बोट ठेवले. त्याच्या निबंधातल्या जहाजमालकाला आपले जहाज जुने झाल्याची शंका असते. इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, अशी मनाची समजूत घालून तो स्थलांतरितांनी भरलेले जहाज सोडतो आणि जहाज बुडते. क्लिफर्डचा खरा मुद्दा पुढे आहे. जहाज पैलतीराला लागले असते, तरी मालकाचा दोष तसूभरही कमी झाला नसता, कारण पुरेशा पुराव्याशिवाय विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. ‘आमच्याकडे आजीपासून टर्की ओट्यावरच ठेवतात’ हे वाक्य त्याच जातीचे. आजीच्या टेबलावर जेवलेल्या कोणाला रविवारी जुलाब झाले असतील, तर त्याचा संबंध गुरुवारच्या जेवणाशी कोणी जोडला असेल, याची खात्री नसते. न मोजलेल्या अपयशांवर उभा असलेला अनुभव हा पुरावा नव्हे.

क्लिफर्डचा निकाल कठोर आहे आणि लोकव्यवहार त्याच्याशी जुळत नाही. सारखाच निष्काळजीपणा केलेल्या दोन यजमानांपैकी एकाच्या घरी म्हातारा पाहुणा रुग्णालयात गेला, तर नातलग त्या यजमानालाच बोल लावतात. दुसऱ्याच्या पाककौशल्याची तारीफ होते. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 1976 साली या कोड्याला ‘नैतिक नशीब’ या नावाने चर्चेत आणले. ते पुरते सुटलेले नाही. तरी इथे दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. आजारी पाहुण्याची भरपाई करणे, त्याची क्षमा मागणे, ही परिणामातून आलेली जबाबदारी दुर्दैवी यजमानाचीच. कृतीतला दोष मात्र दोघांचा सारखा, कारण बुधवारी रात्री दोघांना ठाऊक असलेले आणि दोघांनी टाळलेले तेच होते.

धर्मपरंपरांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. बायबलच्या अनुवाद या पुस्तकातली एक आज्ञा अशी की नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा, नाहीतर तिथून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घराला लागेल. कोणी पडण्याची वाट पाहायची नाही, कठडा आधी घालायचा. निर्गम या पुस्तकातल्या मारक्या बैलाच्या नियमात ज्ञानाचा प्रश्न येतो. बैलाने पहिल्यांदाच माणूस मारला तर धनी निर्दोष. बैल मारका असल्याची ताकीद मिळूनही त्याने तो बांधला नसेल, तर धन्याला देहदंड. जैन विचार याहून पुढे जातो. प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हेच हिंसेचे मूळ. जीव गेला नाही तरी प्रमादी माणूस हिंसेतून सुटत नाही. (अर्थात जैन गृहस्थाच्या घरी टर्कीचा प्रश्न बर्फ उतरवण्यापर्यंत पोचणारच नाही.)

ज्ञानाची अट टर्कीच्या बाबतीत निर्णायक ठरते. अब्राहम लिंकनने 1863 मध्ये राष्ट्रीय आभारदिन जाहीर केला, तेव्हा घरात फ्रीझर नव्हता आणि जिवाणूंची माहिती सामान्य गृहिणीपर्यंत आलेली नव्हती. तिला दोष देणे अन्यायाचे होईल. आज सूचना वेष्टनावरच छापलेल्या असतात आणि कृषी खात्याची मांसविषयक दूरध्वनी-सेवा 1985 पासून चालू आहे. माहीत नव्हते, ही सबब आता फार काळ टिकत नाही. पाहुण्याची बाजू तर आणखी वेगळी. कच्चे कालव खाणारा स्वतःचा धोका स्वतः पत्करतो. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावरच्या माणसाला टर्की रात्री कुठे होती हे ना दिसते, ना चवीवरून कळते, आणि विचारणे उद्धटपणाचे ठरते. जिथे विचारण्याची सोय नाही, तिथे यजमानाचे कर्तव्य आपोआप वाढते.

बुधवारी रात्री आठवण झालेल्या यजमानापुढे सुरक्षित वाट असतेच. गोठलेली टर्की थेट ओव्हनमध्ये घालता येते; वेळ दीडपट लागतो आणि आतली पिशवी मध्येच, मांस सुटू लागल्यावर, काढावी लागते. जेवण उशिरा होईल, एवढेच. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या टर्कीला मात्र अशी वाट नाही. ती टाकावी लागते आणि निघालेल्या पाहुण्यांना कारण सांगावे लागते. पैसे जाण्यापेक्षा हे सांगणेच बहुतेकांना जड जाते. बटाट्याचे भरीत, क्रॅनबेरीची चटणी आणि भोपळ्याचा ‘पाय’ एवढ्यावर त्या दिवशी जेवण होते.