निवृत्ती कोणाच्या इच्छेने?

१९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवले की प्रयोगशाळेत मानवी पेशी सुमारे ५० वेळा विभागून थांबतात. त्याच वर्षी वार्धक्याचे अभ्यासक कमिंग आणि हेन्री यांनी मांडले की वृद्ध आणि समाज एकमेकांपासून दूर होणे स्वाभाविकच आहे. पहिली मर्यादा देहाची आहे. दुसरी मात्र निसर्गनियम मानता येत नाही, कारण कितीतरी वृद्ध अखेरपर्यंत कामात आणि नात्यांत रमलेले दिसतात. आपला वानप्रस्थही दूर होण्यासच सांगतो, असा आक्षेप कोणी घेईल. पण तिथे सोडायची असते ती आसक्ती, आणि सोडण्याचा निर्णय ज्याचा त्याचा असतो. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन यांनीही जगलेल्या आयुष्याचा समग्र स्वीकार हेच उतारवयाचे मानसिक कार्य मानले. हा स्वीकार बाहेरून लादता येत नाही. म्हणून वृद्धांना बाजूला सारणे हा अन्यायच आहे. त्याग स्वेच्छेचा असेल तरच तो धर्म ठरतो.