तिला कुंतीबद्दल विचारा

पुण्याजवळच्या आमच्या मारुंजीहून देहू जवळच. सुट्टीच्या दिवशी इथले कितीतरी जण गाथा मंदिरात जाऊन येतात. याच देहूत सतराव्या शतकात तुकोबांची एक शिष्या राहून गेली, तिची आठवण मात्र फारशी निघत नाही. संत बहिणाबाई. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या बहिणाबाईंनी अभंगांतून स्वतःचं आयुष्य सांगून ठेवलं आहे. मराठी बाईच्या आत्मचरित्राची सुरुवात मी तिथूनच धरते.

जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. अजाण वयात लग्न झालं, नवरा तिशीचा बिजवर. भाऊबंदकीपायी गाव सुटलं आणि फिरत फिरत सगळे कोल्हापूरला आले. तिथे घरी एक गाय आली आणि तिच्या वासराने या मुलीची पाठ धरली. ती पाणी आणायला निघाली की ते मागे. ती जयरामस्वामींच्या कीर्तनाला गेली की तिथेही तिच्याजवळ उभं. एकदा गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढलं, ते हंबरत राहिलं. स्वामींना कळलं तेव्हा त्यांनी त्याला आत घेतलं आणि तिच्याही डोक्यावर हात ठेवला. गावात बोलबाला झाला, तो नवऱ्याच्या कानावर गेला. त्याने तिला बांधून मारलं. गाईवासरांनी खाणंपिणं टाकलं, थोड्याच दिवसांत वासरू गेलं. ती बेशुद्ध पडली, आणि त्या अवस्थेत, कधीही न पाहिलेले तुकाराम तिला स्वप्नात भेटले.

हे सगळं ती एका दमात सांगते. मार सांगते आणि साक्षात्कारही सांगते. एकाच्या भिडेने दुसरं झाकत नाही. पुढे तर अखेरच्या दिवसांत आपल्या मुलाला, विठोबाला, तिने आपले मागचे बारा जन्म सांगितले. हा जन्म तेरावा. बारा जन्म खरे होते का, असं कोणी विचारील. मला तो प्रश्न तिथे गैरलागू वाटतो. मुलीच्या जातीला ‘तू कोण’ असं जिथे कोणी विचारत नव्हतं, तिथे तिने स्वतःला बारा जन्मांइतकं लांबरुंद करून पाहिलं. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी त्र्याऐंशीव्या वर्षी आठवणी सांगायला घेतल्या, तेव्हा आपण आपली स्वतःची पुराणकथा सांगत आहोत असं ते म्हणाले. बहिणाबाईंनी ते अडीचशेहून अधिक वर्षं आधी केलं होतं.

पुराणातून स्वतःकडे येण्याची वाट आपल्याकडे नंतरही बंद झाली नाही. १९६७ साली ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आली. तीत शिवाजी सावंतांनी कर्णाला स्वतःच्या तोंडून बोलू दिलं. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्या अंगावरची देवत्वाची झूल उतरवून इरावतीबाईंनी त्यांना माणसं म्हणून वाचलं. या त्याच इरावतीबाई, ज्यांनी ‘परिपूर्ती’त स्वतःबद्दल लिहिलं: सभेत कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची बायको अशी ओळख करून दिली, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, मग रस्त्यावरची पोरं ‘ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई’ असं म्हणाली आणि ओळख पुरी झाली. हे सहज म्हणून जाणारी बाई कुंतीच्या कपाळावरची आठी ओळखणारच.

पुन्हा मारुंजीकडे येते. इथे आता इमारतींची गर्दी आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हातात जुना सातबारा उरला, पण हनुमान जयंतीला हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचं बगाड निघतं तेव्हा आपण कोण हे त्यांना कोणी सांगण्याची गरज पडत नाही. बाहेरून आलेल्यांची जत्रा मात्र गावी राहिली. त्यांच्यातल्याच काही आज्या नातवंडं सांभाळायला लातूर-अकोल्याहून इथे येऊन राहिल्या आहेत. ‘आजी, आठवणी लिहा’ म्हटलं की हमखास एकच उत्तर येतं: आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे? चूल आणि मूल. इथे थांबलं की संपलं.

पण त्याच आजीला विचारावं, कुंतीने कर्णाला सोडलं ते बरोबर केलं का? ती लगेच बोलायला लागते. आधी कुंतीची बाजू घेते, मग तिच्यावर चिडते. मग तिच्या गावातल्या एखादीची गोष्ट निघते. आणि बोलता बोलता ‘मी’ हा शब्द येतो. ज्या पात्रावर आपण भांडायला उठतो, त्याच्या आसपास आपली गोष्ट दडलेली असते, असं माझं ठाम मत आहे. सन-सनावळीने लिहायला बसलं की नोकरी, बदली, फ्लॅट, निवृत्ती एवढंच हाती लागतं. पुराणाला धरून बसलं की जे कोणापुढे बोललो नाही ते बाहेर पडतं. मात्र पुराणाआड लपूनही चालत नाही. बहिणाबाईंनी स्वप्न सांगितलं, तसा मारही सांगितला.

घरात आजी असेल, आई असेल, तर या आठवड्यात तिला कुंतीबद्दल नाहीतर सीतेबद्दल एक प्रश्न विचारा. उत्तर मधे तोडू नका आणि ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. मग स्वतःलाही तोच प्रश्न विचारा.