शेअर विकताना कुणाला विचारायचं असतं?

मामा डोंबिवलीचे, कारखान्याच्या पर्सोनेल खात्यातून निवृत्त झालेले. भाची हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत. तिला दुसरीकडून ऑफर आली आहे, आणि जुन्या करारात एक कलम आहे : नोकरी सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत काम करायचं नाही. मामांकडे तिच्याच कंपनीचे दोनशे शेअर आहेत, ती तिथे लागली तेव्हा कौतुकाने घेतलेले. वादाचं सगळं सामान घरातच होतं.

"सही केलीस ना? मग पाळायचं," मामांनी सुरुवातच निकालाने केली. "कंपनीने तुला शिकवलं, क्लायंटसमोर उभं केलं. उद्या तू समोरच्या पेढीवर जाऊन बसलीस तर माझ्या शेअरचं काय?"

"मामा, दिवाळीत तुम्ही एका सिमेंट कंपनीचे शेअर विकून दुसऱ्या सिमेंट कंपनीचे घेतलेत. पहिलीला विचारलं होतंत?"

"शेअर विकताना कुणाला विचारायचं असतं?"

"तेच म्हणतेय मी."

भाचीचं बोलणं थट्टेचं वाटलं तरी त्यात तथ्य आहे. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्या बाजारात सगळ्या शेअरांचा व्यवहार दुसऱ्याच दिवशी पुरा होतो. सोमवारी विकले की मंगळवारी पैसे. भांडवल एका रात्रीत घर बदलतं. नोकरदाराला मात्र नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, मग रिलीव्हिंग लेटरसाठी हेलपाटे, आणि त्यावर हे कलम.

मामा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. "मी शेअर विकतो तेव्हा कंपनीचं काय घेऊन जातो? काही नाही. तू डोक्यात भरून नेशील. आमच्या कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनची केस ऐकली आहेस?"

ही केस पर्सोनेलवाल्यांना तोंडपाठ असते. टायर कॉर्ड धागा बनवण्याचं तंत्र कंपनीने हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांकडून पैसे मोजून आणलं होतं, आणि ते गुप्त ठेवण्याची हमी दिली होती. १९६३ साली निरंजन गोळीकरी शिफ्ट सुपरवायझर म्हणून पाच वर्षांच्या करारावर लागले, प्रशिक्षण घेतलं, आणि १९६४ मध्येच जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. तिथेही तोच धागा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६७ साली न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला.

मामांनी गोष्ट इथेच थांबवली. पर्सोनेलवाले ती नेहमी इथेच थांबवतात. पुढचा भाग असा : बंदी होती ती ठरलेली पाच वर्षं भरेपर्यंत, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत, आणि तीही त्याच धाग्याच्या, त्याच कामापुरती. मुदत संपल्यानंतरचा प्रश्न वेगळा. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ सांगतं की कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून कुणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. धंदा नावासकट विकला असेल तर तेवढा अपवाद. १९८० साली सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यात नोकरीनंतरची दोन वर्षांची बंदी टिकली नाही; एका न्यायमूर्तींनी त्यासाठी याच कलमाचा आधार घेतला. २००६ मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानलाही हेच कलम उपयोगी पडलं. जाहिरातींची कामं बघणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार संपला होता, पण पुढचा करार करण्याआधी आम्हालाच पहिली संधी द्यायची, असा कंपनीचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही.

"मग घाबरतेस कशाला?" मामांनी बाजू बदलून पाहिली. "कलम रद्दच आहे म्हणतेस ना!"

"कोर्टात रद्द आहे हो. पण मला कोर्टात जायचंच नाहीये. कंपनीने वकिलाची एक नोटीस पाठवली, रिलीव्हिंग लेटर महिनाभर अडवलं, की नवीन ठिकाणचा एचआर म्हणतो, आधी तुमचं मिटवून या. तोवर ऑफर गेली."

रद्द कलम करारात ठेवायला कंपनीला खर्च काहीच येत नाही, आणि ते न वापरताच काम करतं. २०२२ साली इन्फोसिसच्या करारातल्या अशाच कलमावरून पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती. नोकरी सोडल्यावर सहा महिने, नाव घेतलेल्या प्रतिस्पर्ध्यांकडे, त्याच ग्राहकाच्या कामावर जायचं नाही, असं ते कलम. असं कलम जगभर रूढ आहे आणि उमेदवाराला आधीच सांगितलेलं असतं, ही कंपनीची बाजू. आधी सांगितलं म्हणून ते न्याय्य ठरतं का, हा प्रश्न उरतोच. ऑफर लेटर हातात पडलेला तेवीस वर्षांचा मुलगा कलम खोडून सही करेल, असं कुणालाच वाटत नसतं.

मग भाचीने मामांना त्यांच्याच शाळेत नेलं. "तुमच्याकडे किती कंपन्यांचे शेअर आहेत?"

"सतरा."

"इतके कशाला?"

"एखादी बुडाली तर बाकीच्या सावरतात. हे मीच तुला शिकवलंय."

"माझ्याकडे नोकरी किती? एक. शिवाय ईसॉप, म्हणजे कर्मचारी म्हणून मिळालेले शेअर, तेही त्याच कंपनीचे. तुम्ही सतरा ठिकाणी पैसे ठेवता, मला सतरा ठिकाणी काम वाटून ठेवता येत नाही. कंपनी घसरायला लागली तर मला एकच उपाय, बाहेर पडणं. तोच तुम्ही काढून घेताय, आणि वर म्हणता, निष्ठा ठेव."

या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. पगार आणि बचत दोन्ही एकाच कंपनीत अडकले की काय होतं, ते २००१ मध्ये बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी पाहिलं : त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतला निम्म्याहून मोठा हिस्सा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. नोकरी गेली त्याच सुमारास म्हातारपणही गेलं.

मामांनी उत्तर दिलं ते तितकंच चांगलं होतं. "बंधनं फक्त तुलाच आहेत असं नाही. सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे नियम बघ. कंपनीची आतली माहिती असणाऱ्या माणसाला तिमाही संपली की निकाल लागून ४८ तास होईपर्यंत आपल्या कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. आज घेतले तर सहा महिने विकायचे नाहीत. माहिती आहे तिथे बंधन हवंच. आणि दुसरं, सारख्या उड्या मारून कुणाचं भलं झालंय? तुझंच ते ऑप्शनचं बघ."

भाचीचा चेहरा पडला. दर आठवड्याच्या एक्सपायरीला खेळून तिने काय गमावलं, ते घरात फक्त मामांना ठाऊक आहे. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला; एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. नफ्याचा मोठा वाटा बड्या ट्रेडिंग कंपन्यांकडे आणि परदेशी गुंतवणूकदारांकडे गेला.

पण मामांचा हा टोला त्यांच्यावरच उलटला. एप्रिल २०२४ मध्ये जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीने न्यूयॉर्कमध्ये आपल्या दोन माजी ट्रेडरांवर आणि त्यांना घेणाऱ्या मिलेनियम या फंडावर खटला भरला. आरोप नोकरी सोडल्याचा नव्हता, गुपित पळवल्याचा होता. सुनावणीत बोलता बोलता उघड झालं की ते गुपित म्हणजे भारतातल्या ऑप्शन बाजारातली व्यूहरचना, आणि तिने २०२३ मध्ये सुमारे शंभर कोटी डॉलर कमावून दिले होते. त्या बातम्यांवरून सेबीने चौकशी सुरू केली. ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने निर्देशांकात फेरफार केल्याचा ठपका ठेवत ४,८४३ कोटी रुपये जप्त करायला सांगितलं. कंपनीला आरोप मान्य नाहीत, ती अपिलात गेली. मिलेनियमशी तिचा वाद डिसेंबर २०२४ मध्येच आपसांत मिटला होता.

"म्हणजे ती दोन माणसं गप्प घरी बसली असती," भाची म्हणाली, "तर आपले पैसे कुठे जात होते याचा पत्ता सेबीलाही लागला नसता."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "पण त्या कंपनीला कोर्टात जाण्याचा हक्क होता की नाही?"

"होता. गुपितासाठी होता. माझ्या पोटावर पाय देण्याचा नाही."

इथे दोघं पहिल्यांदा एका जागी आले, आणि या लेखाचंही मत तेच आहे. मामांनी सांगितलेला सेबीचा नियमही माहिती असेतोवर एका कंपनीच्या शेअरपुरता अडवतो. शेअर बाजारात फिरकूच नका, असं तो म्हणत नाही. नोकरीच्या कराराने तेवढंच करावं. क्लायंटची यादी, कोड, दर यांवर कडक बंधन घाला, मोडलं तर खटला भरा. प्रशिक्षणावर खर्च झाला असेल तर रक्कम ठरवा. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दल दोन लाख भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली, आणि ते पटण्यासारखं आहे. किंमत आधी माहीत असते, ती चुकवून माणूस मोकळा होतो. माणसाला घरी बसवायचंच असेल तर त्या काळाचा पूर्ण पगार द्या. लंडनच्या वित्तकंपन्या तो देतात.

"असं केलं तर चांगली माणसं टिकणार कशी?" मामांचा शेवटचा प्रश्न गुंतवणूकदाराचा होता. कॅलिफोर्नियात नोकरीनंतरची अशी बंदी १८७२ पासून चालत नाही. तो कायदा आणि आपलं कलम २७, दोन्ही न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड यांच्या मसुद्यावरून आलेले. सिलिकॉन व्हॅली उभी राहिली ती याच कायद्याखाली.

भागधारकांनी एक काम करावं. बाजारमूल्यात पहिल्या हजारांत असलेल्या कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार द्याव्या लागणाऱ्या शाश्वतता अहवालात किती टक्के कायम कर्मचारी सोडून गेले, ते छापावं लागतं. किती जणांच्या करारात नोकरीनंतरची बंदी आहे, हे मात्र त्यात विचारलेलं नाही. वार्षिक सभा आता ऑनलाइनही होतात, आणि प्रश्न विचारायला एक शेअरही पुरतो. तो प्रश्न विचारा. मामा यंदा विचारणार आहेत.