येणे बाकी

मित्रांबरोबर लांबचा प्रवास करावा, त्याने मन मोठे होते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ही सगळी माणसे जातानाच्या प्रवासाबद्दल बोलत असतात. येतानाच्या प्रवासाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. जाताना गाडीत चार मित्र असतात. येताना चार प्रवासी असतात आणि पाचवी मळक्या कपड्यांची पिशवी असते. जाताना ज्या विनोदांवर हसून हसून पोट दुखलेले असते तेच विनोद येताना पुन्हा सुरू झाले की पोट खरोखरच दुखते. मागच्या काचेशी वाळत घातलेला टॉवेल चार दिवसांत वाळलेला नसतो, केळ्याचे वेफर्स पायांखाली चुरलेले असतात आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद, ह्या प्रश्नावर दोन तट पडलेले असतात.

पुणे ते कन्याकुमारी आणि परत, असा हा आमचा बेत. जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटरांहून अधिक. ह्या बेताला आम्ही अकरा वर्षे घेतली. दर दिवाळीला फराळाच्या ताटाभोवती बसून आम्ही कन्याकुमारीला जात होतो आणि चकली संपली की परत येत होतो. शेवटी मुले मोठी झाली, गुडघे कुरकुरू लागले आणि 'आता नाही तर कधीच नाही' हे चौघांनाही पटले.

चौघे म्हणजे कॉमर्स कॉलेजात एका बाकावर बसणारे आम्ही. एक डॉक्टर. हा डॉक्टर नाही. औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी आहे. पण वीस वर्षे डॉक्टरांच्या दारात बसून त्याला निदान करायची सवय लागली आहे. दुसरा मास्तर. हा खरोखरच मास्तर आहे, आणि गाडीतही असतो. तिसरा बापू, एका कारखान्याच्या हिशेब खात्यात. आणि चौथा मी, बँकेतला कारकून. म्हणून अर्थातच खजिनदार. बँकेत नोकरी करणाऱ्याला समाज दोनच कामे सांगतो : वर्गणी गोळा करणे आणि नोट चालेल की नाही ते बघणे. नोटा आता कमी झाल्या. टोल काचेवरच्या पट्टीतून परस्पर कापला जातो, चहाचे पैसे मोबाईलवरून जातात. पैसे जाताना दिसत नाहीत, म्हणूनच ते गेले हे लिहून ठेवायला एक माणूस लागतो. निघताना प्रत्येकी १०,००० रुपये जमा केले आणि मी बँकेच्या जुन्या डायरीत पहिल्या पानावर 'श्री' लिहून रोजकीर्द उघडली.

दहा दिवस आमच्या करमणुकीचा एक हक्काचा विषय होता : बापूचा कंजूषपणा. सगळे मसाला डोसा मागवत, बापू इडली. सगळे थाळी घेत, बापू दहीभात. वर 'पोट जरा बरं नाही' ही पुरवणी. कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारकाकडे जाणाऱ्या बोटीच्या रांगेत आम्ही उभे राहिलो तर हा म्हणाला, "तुम्ही जाऊन या. मी चपला सांभाळतो."

"चपला घालून बोटीत बसतात, बापू," मास्तर म्हणाला.

"मग बॅगा सांभाळतो."

आम्ही तिघे गेलो. १९७० साली हे स्मारक उभे राहिले, त्यासाठी एकनाथजी रानडे ह्यांनी देशभरातून सामान्य माणसांचा एकेक रुपयाही गोळा केला होता, हे मास्तरने बोटीत सांगितले. मला आधी त्या पावतीपुस्तकांचीच धास्ती वाटली. शेजारच्या खडकावर तिरुवळ्ळुवरांचा पुतळा आहे. चौथऱ्यासकट १३३ फूट, कारण त्यांच्या 'तिरुक्कुरळ' ह्या ग्रंथाचे अध्याय १३३. २००० सालच्या पहिल्या दिवशी त्याचे अनावरण झाले. दोन खडकांमध्ये २०२४च्या डिसेंबरअखेरीस काचेचा पूल झाला आहे. तो डॉक्टरने डोळे मिटून, मास्तरचा सदरा धरून पार केला. परत आलो तर बापू किनाऱ्यावर बॅगांवर बसला होता. "काय रे, किती वाचवलेस?" डॉक्टरने विचारले. बापू हसला. तो प्रत्येक वेळी हसत असे. मनापासून हसत असे, हे मला नंतर आठवले.

परतीचा पहिला मुक्काम मदुरैला पडला. तिथे पेटी रिकामी झाली, म्हणून मी दुसरा हप्ता मागितला : प्रत्येकी ८,०००. डॉक्टरने आणि मास्तरने तिथल्या तिथे पाठवले. बापू म्हणाला, "पुण्याला गेल्यावर देतो." डॉक्टरने टाळ्या वाजवल्या.

रात्री झोप येईना म्हणून मी लॉजच्या गॅलरीत गेलो. (डॉक्टर घोरतो, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घोरण्याचे निदानही करतो.) गॅलरीच्या टोकाला बापू फोनवर हळू आवाजात बोलत होता. "फीचं मी बघतो. पण तू बांगड्या ठेवायला जाऊ नकोस... सहा महिने काढले, अजून दोन काढू."

सोनेतारणाच्या खिडकीवर मी चार वर्षे बसलो आहे. बांगड्या 'ठेवणे' म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. बापूची नोकरी सहा महिन्यांपूर्वी गेली होती. अकरा वर्षे ठरवलेल्या प्रवासाला 'नाही' म्हटले असते तर कारण सांगावे लागले असते. म्हणून तो आला होता, आणि इडली खात होता.

मदुरै ते तुमकूर हा पाचशे किलोमीटरांचा रस्ता मी मागच्या सीटवर डायरी मांडीवर घेऊन काढला. चिल्लर खर्च मी मोबाईलवरून भागवत होतोच. तुमकूरच्या लॉजवर पोचल्यावर मी मदुरैच्या पानावर, दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात एक ओळ घुसवली : 'बापू, जमा ८,०००.' आणि माझ्या नावावरचे ८,००० कमी केले.

वाचकहो, वीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ही पहिली खोटी नोंद. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की ती जुळली! १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका संन्याशाने दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली. तेव्हापासून आम्ही हिशेबनीस मंडळी, दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की देवाला नमस्कार करून घरी जातो. पण बेरीज जुळणे वेगळे आणि हिशेब खरा असणे वेगळे, हे मला तुमकूरला कळले. खोटे जर दोन्ही बाजूंना सारखेच लिहिले तर ते खऱ्याइतकेच सुबक दिसते.

आता मित्राच्या भल्यासाठी खोटे लिहावे की लिहू नये? हा प्रश्न माझ्या आधी थोरामोठ्यांना पडलेला आहे. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली लिहून ठेवले की मित्राचा जीव घ्यायला आलेल्या माणसाने 'तो घरात आहे का' असे विचारले तरी खोटे बोलू नये. हे कांटसाहेब जवळजवळ सगळे आयुष्य कोनिग्सबर्ग ह्या आपल्या गावात राहिले. मित्रांबरोबर दहा दिवस गाडीत बसण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा. आपल्याकडे धर्मराज 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला आणि त्याचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली आला. आमच्या गाडीची चाके आधीपासूनच जमिनीवर होती, आणि मागच्या डाव्या चाकात हवाही कमी होती. तेव्हा ती भीती नव्हती. तिरुवळ्ळुवर त्या मानाने दयाळू. ज्याने कोणाचे काही बिघडत नाही आणि भलेच होते, अशा खोट्याला ते खऱ्याच्या पंगतीला बसवतात. त्यांच्या पुतळ्याच्या पायाशी जाऊन आल्याला दोनच दिवस झाले होते. मी त्यांचा निकाल मान्य केला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी दावणगिरीला लोणी डोसा खाल्ला (बापू : इडली), धारवाडला पेढे घेतले आणि रात्री कोल्हापुरात शिरलो. मराठी पाट्या दिसू लागल्यावर सगळ्यांना एकदम कंठ फुटला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर डॉक्टर आणि मास्तर खिडकीचे भांडण विसरले. शेवटचे पेट्रोल भरून झाले होते; उरलेले टोल आगाऊ धरून मी एकूण मांडली. ७२,४८० रुपये. प्रत्येकी १८,१२०. म्हणजे तिघांनी प्रत्येकी १२० रुपये मला द्यायचे की विषय संपला. डॉक्टर आणि मास्तरने डायरीकडे न बघता पैसे पाठवले. हिशेब न बघता पैसे देणे हीच आमच्यात मैत्रीची खूण समजली जाते.

बापू म्हणाला, "बघू डायरी."

हे मी धरले नव्हते. हिशेब खात्यात उभी हयात गेलेला माणूस! तो पानावरून बोट फिरवत गेला आणि मदुरैला थांबला. ते दोघे पान खायला खाली गेले तोवर तो काही बोलला नाही.

"हे आठ हजार कोणाचे?"

"तुझे."

"मी दिले?"

"दिले असशील."

"बँकेत असं चालतं?"

"चालत नाही म्हणून तर इथे केलं."

एरवी तो हसला असता. "गॅलरीत ऐकलंस तू," तो म्हणाला. मी डायरीचे कोपरे सरळ करत बसलो. "हे बघ, दहा दिवस तुम्ही मला कंजूष म्हणत होतात. मला जरासुद्धा राग आला नाही. कंजूष म्हणजे कोण? ज्याच्याकडे आहे आणि जो देत नाही, तो. मला बरं वाटायचं रे. तू एका ओळीत मला त्यातून काढलंस."

मी शेवटचा आधार काढला. "अरे, तुकोबांनीसुद्धा येण्याचे कागद इंद्रायणीत बुडवले."

"बुडवले. खोटे कागद केले नाहीत. भावाचे निम्मे त्याला आधी मोजून दिले आणि आपले बुडवले. आणि ज्याचं कर्ज बुडवलं त्याला कळू न देता नाही बुडवलं."

परंपरा सांगते ती गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, पण तिच्यातला हिशेब मला एका बेकार हिशेबनिसाने समजावून सांगितला. त्याने माझे पेन घेतले, ती ओळ सरळ रेघेने खोडली आणि बाजूला आद्याक्षरी केली. खाडाखोडीशेजारी सही हवी, हा नियम तो विसरला नव्हता. मग स्वच्छ अक्षरात लिहिले : 'बापूकडून येणे, रु. ८,१२०.'

"लिहिलेलं असू दे," तो म्हणाला. "जो फेडणार नाही असं वाटतं त्यालाच लोक सोडून देतात."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यात डॉक्टरच्या घोरण्याचा दोष नव्हता. आमच्या धंद्यात एक शब्द आहे : पत. कर्ज देताना आम्ही आधी माणसाची पत बघतो. ज्याला पत नाही त्याला बँक कर्ज देत नाही. म्हणजे एखाद्याच्या नावावर कर्ज असणे ही त्याच्या दारिद्र्याची खूण असेल, पण 'हा फेडील' असे कोणाला तरी वाटते, ह्याचीही ती खूण आहे. आठ हजार सोडताना मी उदार झालो होतो. त्याच ओळीत मी बापूची पतही खोडली होती, आणि तीही त्याला न विचारता. 'बापू, तुझं काय चाललंय?' एवढे चार शब्द विचारायला मला धीर झाला नाही, म्हणून मी आठ हजारांचा रस्ता शोधला. पैसे देणे सोपे असते. विचारायला शेजारी बसावे लागते.

खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर बापूने आपणहून दोघांना सांगितले. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिला. डॉक्टरने गाडीतला गाण्यांचा आवाज कमी केला आणि शिरवळ मागे पडेपर्यंत एकही विनोद केला नाही. अकरा वर्षांत गाडीत, घरात, लग्नात, मयतीत आमच्यात अशी शांतता कधी पसरली नव्हती. शेवटी बापूच म्हणाला, "कंजूष म्हणायचं बंद केलंत तर मी खेड शिवापूरला उतरून बसने जाईन."

"बसला पैसे पडतात," डॉक्टर म्हणाला. मग आम्ही हसलो.

घरी आल्यावर हिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग काय, अडचणीतल्या माणसाला मदत करायचीच नाही?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर मला तुमकूरपासून पुण्यापर्यंत सापडलेले नाही. करावी. पण त्याला विचारून करावी. आणि तो 'लिहून ठेव' म्हणाला तर निमूटपणे लिहून ठेवावे. तिरुवळ्ळुवरांची अटच होती की कोणाचे काही बिघडता कामा नये. ती मी नीट वाचली नव्हती. छापील अटी न वाचता सही करणाऱ्या गिऱ्हाइकांना मी रोज हसतो.

बापूला पुढे नोकरी लागली, पहिल्याहून लहान. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. तेव्हा आम्ही एका अमृततुल्यात भेटतो. तो ५०० रुपये देतो, मी डायरीत लिहितो, दोघे सही करतो. परवा तो म्हणाला, "आता एकरकमी देऊन टाकू का?" मुदतीपूर्वी फेड घ्यायला मी साफ नकार दिला. अजून चार हप्ते आणि वरचे १२० रुपये येणे बाकी आहेत.

चहाचे पैसे कोण देतो, ते मात्र आम्ही कुठेच लिहीत नाही.