लाल शाईच्या आधी

अमेरिकेतल्या कॉलेजात मुलगा इंजिनिअरिंगला गेलेला असो की संगीताला, पहिल्या वर्षी एक विषय बहुतेकांच्या वाट्याला येतोच: लेखन. गोष्टी-कविता नव्हेत, साधं गद्य. पहिल्याच आठवड्यात हातात एक पत्रक पडतं आणि त्यात शिक्षकांच्या अपेक्षा कलमवार मांडलेल्या असतात. दांड्या किती चालतील, निबंध उशिरा आला तर किती गुण कापले जातील, दुसऱ्याचं वाक्य घेतलंत तर श्रेय कसं द्यायचं. सुरुवातीला बहुधा स्वतःच्या अनुभवावर लिहायचं, मग कुणाच्या तरी लेखाची चिकित्सा, आणि शेवटी ग्रंथालयात बसून, आधार देत केलेली मोठी मांडणी. प्रत्येकाचा आधी कच्चा खर्डा. तो वर्गातल्या दुसऱ्या मुलानं वाचायचा, शेरे मारायचे, मग आपण पुन्हा लिहायचा. वेळ लावून एकटाकी निबंध लिहिण्याची सवय घेऊन गेलेल्या आपल्या मुलांना हे सुरुवातीला जाचतं. एकदा लिहून दिलंय ना, मग परत कशाला?

विषय तसा जुना आहे. हार्वर्डनं 1874 मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध घातला, मुलांना धड लिहिता येत नाही अशी ओरड झाली, आणि दहा-बारा वर्षांत लेखनाचा सक्तीचा वर्ग सुरू झाला. ओरड अजून थांबलेली नाही. आमच्या वेळी असं नव्हतं, हे वाक्य तिकडेही पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे.

पण अपेक्षांचं ते पत्रक एका बाजूनंच का लिहिलेलं असावं? शिक्षकाची मुलाकडून काय अपेक्षा, हे त्यात असतं. मुलाचा कागद हातात घेताना शिक्षक मनात काय धरून बसलेला असतो, ते कुठेच नसतं. हा प्रश्न ज्यांनी खऱ्या अर्थानं अंगाला लावून घेतला, त्या मिना शॉनेसी. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्या शिकवत. 1969 मध्ये तिथं कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी मोठं आंदोलन केलं आणि 1970 पासून शहरातली शाळा पूर्ण करणाऱ्या कुणालाही शहराच्या विद्यापीठात जागा मिळू लागली. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुलं वर्गात आली. बरेच प्राध्यापक हबकले. ही मुलं इथली नव्हेत, असं उघड बोलणारेही होते. शॉनेसीबाईसुद्धा हबकल्या होत्या. पहिले निबंध रिकाम्या वर्गात बसून पुन्हा पुन्हा वाचले, पण सुरुवात कुठून करावी तेच कळेना, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे.

मग त्यांनी एक अगदी साधं, कंटाळवाणं काम केलं. अशा नवख्या मुलांचे सुमारे 4,000 निबंध घेतले आणि त्यातल्या चुका नुसत्या अधोरेखित न करता त्यांची वर्गवारी लावली. 1977 मध्ये त्यावर 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक आलं. त्यातला मुख्य मुद्दा असा, की चूक म्हणजे बेफिकिरी नव्हे. बहुतेक चुकांमागे एक हिशेब असतो. मुलानं कुठलासा नियम अर्धवट ऐकलेला असतो आणि तो प्रामाणिकपणे नको तिथं लावलेला असतो. दुसऱ्याच वर्षी, 1978 मध्ये, त्या गेल्या. लेखन शिकवणाऱ्या तिकडच्या मंडळींत त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं.

हे वाचताना न्यूयॉर्क लांबचं वाटत नाही. 'पानी', 'लोनी', 'आनि' लिहिणारी मुलं आपल्या वर्गांत कमी आहेत का? त्या मुलाचा कान चुकत नाही. त्याच्या घरी, गल्लीत, शेतावर सगळे 'पानी'च म्हणतात, आणि तो जे ऐकतो तेच लिहितो. शाळेत टपल्या खाल्ल्या, चारचौघांत हसं झालं, की तोच मुलगा वर्षभरानं 'मणात' आणि 'माणसण्माण' लिहायला लागतो. वहीत लाल गोल वाढतात, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्या' असा शेरा पडतो. खरं तर 'मणात' हा लक्ष दिल्याचाच पुरावा आहे. प्रमाण भाषेत 'ण' असतो हे त्याला कळलंय, तो नेमका कुठं असतो हे कुणी बसून सांगितलेलं नाही. पहिल्या चुकीला एक उपाय, दुसरीला वेगळा. लाल गोल मात्र दोन्हींना सारखाच.

चुका चालवून घ्या, असं शॉनेसीबाई कुठंही म्हणत नाहीत. प्रमाण लेखन मुलाला आलंच पाहिजे, कारण पुढची दारं त्यावरच उघडतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा हट्ट एवढाच, की आधी नीट वाचा, मग दुरुस्त करा. आणि नीट वाचायला वेळ लागतो. चांगलं लेखन शिकवणं आहे त्या परिस्थितीत शक्य आहे का, असा प्रश्न अमेरिकेतल्या 'इंग्लिश जर्नल'च्या पहिल्याच अंकात, 1912 मध्ये, एडविन हॉपकिन्स यांनी शीर्षकातच विचारला होता आणि खाली पहिलंच उत्तर दिलं होतं: नाही. एकेका शिक्षकापुढे मुलं इतकी, की निबंध वाचून होणारच नाहीत. आज तिकडे हे वर्ग मोठ्या प्रमाणात हंगामी शिक्षक घेतात. आपल्याकडे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला वर्गात उभं राहिल्याचे पैसे मिळतात. निबंधांचा गठ्ठा घरी नेऊन, 'मणात' का लिहिलं असेल याचा विचार करत बसल्याचा तास कुठल्याच बिलात भरता येत नाही.