कोणत्या लालशी मॅच?

आमच्या घरची प्रीमिअर पद्मिनी १९८४ची. तेव्हा मनात आलं आणि गाडी घेतली असं नव्हतं, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आजोबांनी बघितली. ती गाडी मी गेल्या वर्षी पुन्हा उभी करायला घेतली. इंजिन, ब्रेक, पत्र्याचं काम मार्गी लागलं. अडलं ते सीटच्या रेक्झिनवर.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढची सीट बाकड्यासारखी एकसंध. ड्रायव्हरच्या बाजूला ती वीतभर फाटली होती. बाबांचं म्हणणं एवढंच, "होती तशी कर."

फाटक्या कडेचा तुकडा कापून खिशात टाकला आणि नाना पेठेपासून सुरुवात केली. दुकानात ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेला लाल रस्त्यावर उन्हात आणला की केशरी निघायचा. रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असले की असं होतं, एका उजेडात जोडी जमते, दुसऱ्यात मोडते. शिवाय एकाच नंबरचा माल असला तरी लॉट बदलला की छटा बदलते. या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायच्या, म्हणून तिथल्या स्पेअरच्या दुकानांतही हिंडून आलो. मग चोर बाजार. तिथे एकाने एका चालू गाडीचा पत्ता दिला. मालक ती सुटी करून विकत होता, आणि तिची सीट अगदी माझ्याच रंगाची, धड. हीच ती मॅच! पण माझी गाडी 'होती तशी' व्हावी म्हणून दुसरी चालती गाडी मोडायची? मी घेतली नाही. उगाच मोठेपणा नको, त्याने सांगितलेली किंमतही मला झेपणारी नव्हती.

खरी गंमत सीट उसवली तेव्हा झाली. खाली दुमडलेली पट्टी, जिला चाळीस वर्षांत ऊन लागलं नव्हतं, ती लालभडक होती. खिशातला तुकडा तिच्याशेजारी धरला तर तो चक्क विटकरी. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य असतं ते उन्हाने, घामाने हळूहळू निघून जातं, रंगही उडतो, मग ते कडक होऊन चिरतं. म्हणजे मी इतके महिने ज्या रंगामागे धावत होतो तो कुठल्या कारखान्यात बनलाच नव्हता. तो आमच्या अंगणात बनला होता.

मग 'होती तशी' म्हणजे कधी होती तशी? बाबांच्या डोळ्यांसमोर शोरूममधला लाल. माझ्या आठवणीत फक्त विटकरी. आईच्या मते सीट म्हणजे तिने कोल्हापूरला जाताना हाताला लागेल त्या काळ्या दोऱ्याने घातलेले टाके. त्यातले अर्धे अजून शाबूत होते.

सीटवाल्या काकांनी तोडगा काढला. "नवीन रेक्झिन दोन महिने गच्चीवर टाका, वर मी थिनरचा हात मारतो. कोणाला कळणार नाही." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. फाटलेली जीन्स तर आपण दुकानातून नवी आणतोच की! पण ती जीन्स अमक्याच्या गुडघ्यावर फाटली असं कोणी सांगत नाही. या सीटवर मात्र आजोबांची बसण्याची जागा आहे. ती गच्चीवर तयार करायची?

थीसियसच्या जहाजाचं कोडं आपण ऐकलेलं असतं, एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच का? पण नवी फळी जुनी दिसेल अशी रंगवावी का, हे त्यात कोणी विचारत नाही. हा प्रश्न इटलीत विचारला गेला. (पद्मिनीही मुळात तिकडचीच, फियाट ११००.) चेझारे ब्रांदी आणि रोममधल्या त्यांच्या संस्थेतल्या लोकांनी, चित्राचा उडालेला भाग भरण्यासाठी 'ट्रात्तेज्जो' नावाची पद्धत रूढ केली. बारीक उभ्या रेघांनी रंग भरायचा. लांबून चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की दुरुस्ती लपत नाही. मला ती पटली, पण सीटवर रेघा कशा ओढणार?

शेवटी काकांना खालची लाल पट्टीच कापायला सांगितली. दुमडीत नवीन रेक्झिन गेलं, तिथे कोण बघतंय. फाटल्या जागी मूळचाच तुकडा बसला. आईच्या टाक्यांना हात लावला नाही. काका शिवताना पुटपुटत होते, "एवढं फिरून शेवटी ठिगळच."

बाबा गाडीत बसले, स्टिअरिंगवर हात ठेवला, मग खाली बघितलं.

"हा तुकडा मॅच नाही झाला रे."

"बाबा, सगळ्या सीटमध्ये तेवढाच तर मूळचा आहे."

ते काही बोलले नाहीत. अंगठा त्या लाल चौकोनावरून फिरवत राहिले. मग आईला हाक मारली, "अगं, तुझा काळा दोरा अजून आहे बघ."